बाबांच्या रिपोर्टमध्ये व्हिमेंटिन पॉझिटिव्ह आले आहे

प्रश्न (संक्षेपाने) : सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यांचे वडील ६३ वर्षांचे असून एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत. पाच आठवड्यांपूर्वी त्यांची डावी किडनी गाठीसह काढण्यात आली. रिपोर्टमध्ये 'क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा, ६.२ सेंमी, ग्रेड ३, रीनल सायनसच्या चरबीत शिरकाव, पीटी ३ ए, नेक्रोसिस नाही, कडा मुक्त' अशी नोंद आहे आणि त्याखाली पॅक्स-८, सीए-९ व व्हिमेंटिन पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह, केआय-६७ १२ टक्के असे लिहिले आहे. बंगळुरूला असलेल्या भावाने व्हिमेंटिन या प्रथिनाविषयी बरेच वाचले आणि हा कर्करोग आक्रमक असल्याचा पुरावा आहे, असे त्याचे मत झाले. गाठीचा ब्लॉक एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवून प्रथिनांची मोठी तपासणी करून घ्यावी आणि पाच-सहा आठवड्यांनी निकाल येईपर्यंत कर्करोगतज्ज्ञांनी सुचवलेली वर्षभराची इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणारे औषध) सुरू करू नये, असा त्याचा आग्रह आहे. वडिलांना 'गाठ होती, काढली' एवढेच सांगितले आहे. वाचक विचारतात : व्हिमेंटिन पॉझिटिव्ह आले म्हणजे रोग पसरणारच का? आणि ही तपासणी करावी का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रासोबतचा रिपोर्टचा फोटो मी मोठा करून पाहिला. 'व्हिमेंटिन : पॉझिटिव्ह' या ओळीखाली तुम्ही लाल पेनने दोन रेघा ओढल्या आहेत. त्याच पानावर, थोडे वर, 'रीनल सायनसच्या चरबीत शिरकाव', म्हणजे किडनीच्या आतल्या खोबणीतील चरबीत गाठ शिरली आहे, असे लिहिलेले आहे आणि तिथे मात्र एकही रेघ नाही. माझे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर ती लाल रेघ चुकीच्या ओळीखाली पडली आहे, आणि सारे घर आता त्या चुकीच्या ओळीमागे धावू लागले आहे. मी पेशाने पॅथॉलॉजिस्ट होतो, तीस वर्षे सूक्ष्मदर्शकासमोर बसण्यात गेली, म्हणून ही बाजू जरा सविस्तर सांगतो. बाबांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. अखेरचा शब्द ज्यांनी त्यांना तपासले आहे त्यांचाच.

आधी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचे पाहू. कोविडच्या काळापासून हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. पॅथॉलॉजीच्या खोलीत त्याचा अर्थ एवढाच असतो की तपकिरी रंग आला. शस्त्रक्रियेनंतर किडनी फॉर्मालिनमध्ये बुडवून आमच्याकडे येते. सुरीने उभी चिरली की या प्रकारची गाठ बहुधा सोनपिवळी दिसते, मध्येच रक्तस्रावाचे तांबडे डाग असतात. तो पिवळेपणा पेशींत साठलेल्या चरबीचा असतो. गाठीचे छोटे तुकडे अल्कोहोल आणि झायलिनमधून काढून मेणात बसवले जातात, यालाच ब्लॉक म्हणतात. या प्रवासात पेशींमधली चरबी आणि ग्लायकोजेन विरघळून जाते, त्यामुळे स्लाइडवर पेशी धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या बरण्यांसारख्या रिकाम्या, स्वच्छ दिसतात. 'क्लिअर सेल' हे नाव त्यावरूनच पडले. पुढे त्याच ब्लॉकचे कागदाहून पातळ काप घेऊन त्यांवर एकेका प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे सोडतात. प्रतिपिंड जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग आला तर पॉझिटिव्ह, नाही आला तर निगेटिव्ह. चांगले किंवा वाईट असा कोणताही निवाडा त्या शब्दात नसतो.

हे मी ठासून सांगतो याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी रिपोर्टच्या खिडकीवर आलेल्या एका मुलाला मी घाईत सांगितले, "मार्कर पॉझिटिव्ह आले आहेत, आता शंका उरली नाही." माझ्या दृष्टीने ती समाधानाची गोष्ट होती, कारण निदान पक्के झाले होते. अर्ध्या तासाने मी चहाला बाहेर पडलो तर तो जिन्यात बसून रडत होता. चूक त्याची नव्हती, माझीच होती.

आता तुमच्या रिपोर्टमधील प्रथिने. ती बहुतेक गाठीचे कुळ सांगतात. पॅक्स-८ हे एका अर्थाने आडनाव आहे. ते किडनीच्या, तसेच थायरॉइडच्या आणि स्त्रियांच्या प्रजनन अवयवांच्या पेशींत सापडते. गाठ किडनीत आहे आणि पॅक्स-८ पॉझिटिव्ह आहे, याचा अर्थ ती किडनीचीच आहे, दुसरीकडून येऊन बसलेली नाही. सीके-७ निगेटिव्ह असणे हे क्लिअर सेल प्रकाराशी जुळते. या गाठीच्या काही सौम्य चुलतभावंडांमध्ये ते पॉझिटिव्ह येते, म्हणून ते तपासतात.

सीए-९ची कथा थोडी मोठी आहे. आपल्या पेशींत व्हीएचएल नावाचे एक प्रथिन असते. प्राणवायू पुरेसा असताना ते एचआयएफ या दुसऱ्या प्रथिनाला सतत मोडीत काढत राहते. प्राणवायू कमी पडला की ही मोडतोड थांबते, एचआयएफ साठते आणि नव्या रक्तवाहिन्या तयार करा, साखर जास्त ओढा, आम्लता सांभाळा असे हुकूम सुटतात. पेशीला प्राणवायूची कमतरता कशी कळते याच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्लिअर सेल कर्करोगात बहुतेक वेळा हे व्हीएचएलच निकामी झालेले असते, त्यामुळे प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. आम्लता सांभाळणारे जे प्रथिन त्या हुकुमामुळे तयार होते ते सीए-९. म्हणजे इथला तपकिरी रंग सांगतो की व्हीएचएल मोडले आहे आणि गाठ खरोखर क्लिअर सेलच आहे. (व्हीएचएल हे जनुकाचे नाव वाचून आजार तुम्हा भावंडांत उतरेल असे मनात आले असेल तर सांगतो : बहुतेक रुग्णांत हा बिघाड फक्त गाठीत घडलेला असतो. चाळिशीत किंवा त्याआधी आजार झाला, दोन्ही किडन्यांत गाठी आल्या किंवा घरात इतर कुणाला असा आजार झाला असेल, तर जनुकीय सल्ला घ्यावा. एका किडनीत एकच गाठ आणि वय ६३, यात तसे काही दिसत नाही.)

आता गंमत पाहा. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये मांडले की ज्यांच्या गाठीत सीए-९ भरपूर आहे त्यांची प्रकृती पुढे अधिक चांगली राहते, आणि ज्यांच्यात ते कमी आहे त्यांची वाईट. म्हणजे तुम्ही ज्या 'पॉझिटिव्ह'ला घाबरलात तोच तिथे दिलासा ठरत होता. पुढे २००७ मध्ये मेयो क्लिनिकने मोठ्या संख्येने रुग्ण तपासून दाखवले की ग्रेड आणि नेक्रोसिस (गाठीतील मेलेला भाग) हिशेबात धरल्यावर सीए-९ वेगळे असे काही सांगत नाही. दिलासाही गेला आणि भीतीही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किडनीच्या कर्करोगातील एकेका प्रथिनाची कहाणी बहुधा अशीच झाली आहे : पहिल्या अभ्यासात चमक दिसते, पुढच्या मोठ्या अभ्यासात ती विरते.

केआय-६७ हा पेशी विभागण्याच्या तयारीत आहे का हे दाखवणारा मार्कर आहे. जर्मनीतील कील शहरात तो सापडला, म्हणून 'केआय', आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतील खणाचा क्रमांक. स्तनाच्या कर्करोगात त्याला बराच मान आहे. किडनीत मात्र इतके टक्के म्हणजे धोका आणि इतके म्हणजे सुरक्षित, अशी सर्वमान्य रेघ नाही. १२ हा आकडा पाहून काहीही ठरवू नका.

राहिले व्हिमेंटिन. तुमच्या भावाने जे वाचले ते खोटे नाही, हे मी आधी मान्य करतो. त्याने ते वेगळ्या अवयवाविषयी वाचले, इतकेच. शरीरातील आवरणाच्या पेशी एकमेकींना धरून, विटांच्या भिंतीसारख्या ओळीने उभ्या असतात. त्यांना धरून ठेवणारा चुना म्हणजे मुख्यतः ई-कॅडहेरिन हे प्रथिन. स्तन, आतडे, फुफ्फुस अशा अवयवांच्या कर्करोगात काही पेशी हा चुना सोडतात, लांबट होतात, आतून व्हिमेंटिनचे धागे विणतात आणि सुट्या होऊन सरकू लागतात. साहजिकच या अवयवांच्या संशोधनात व्हिमेंटिन दिसणे म्हणजे पेशी हलण्याच्या तयारीत आल्याची खूण मानली जाते, आणि इंटरनेटवर शोधले की हेच सर्वांत आधी समोर येते.

किडनीचे जन्मापासूनच वेगळे आहे. गर्भात किडनीच्या नलिका भिंतीपासून बनत नाहीत. आधी सैल, सुट्या, व्हिमेंटिन असलेल्या पेशींचा पुंजका असतो आणि तो हळूहळू भिंत होतो. बाकी अवयवांत कर्करोग ज्या दिशेने जातो असे सांगतात, त्याच्या बरोबर उलट दिशेने किडनी घडते. ही जुनी आठवण किडनीच्या पेशी पूर्ण विसरत नाहीत. इजा झालेली नलिका दुरुस्त होत असतानाही तिच्यात व्हिमेंटिन दिसते, आणि त्याचा कर्करोगाशी काही संबंध नसतो. त्यामुळे क्लिअर सेल गाठीत व्हिमेंटिन सापडणे ही नेहमीची बाब आहे. आम्ही ते तपासतो ते मुख्यतः क्रोमोफोब नावाच्या दुसऱ्या प्रकारापासून वेगळेपणा दाखवण्यासाठी, कारण त्यात ते सहसा निगेटिव्ह असते. ज्याने हा रिपोर्ट लिहिला त्याने व्हिमेंटिन 'ओळख पटली' या अर्थाने लिहिले आणि तुमच्या घरी ते 'चाल करून येत आहे' या अर्थाने वाचले गेले. व्हिमेंटिन जास्त असलेल्या किडनीच्या गाठी अधिक त्रास देतात असे काही अभ्यासांत दिसले आहे, हे मी लपवणार नाही. पण त्यावरून एखाद्या रुग्णाचा उपचार कुणी ठरवत नाही.

मग गाठ किती शिरकाव करणारी आहे हे कळते कशावरून? ते डोळ्यांनी पाहिले जाते. प्रथिनाकडून भाकीत मागण्याची गरज नसते, कारण शिरकाव झाला असेल तर तो स्लाइडवर समोर दिसतो. किडनीच्या बाहेरच्या अंगाला एक चिवट आवरण असते. आतल्या खोबणीत, जिथून रक्तवाहिन्या आत-बाहेर करतात, तिथे मात्र किडनीचा भाग आणि सायनसची मऊ चरबी यांच्यामध्ये तसे आवरण नसते, आणि त्या चरबीत शिरा व लसिकावाहिन्या दाटीने असतात. क्लिअर सेल कर्करोग बाहेर पडण्यासाठी बहुधा हीच वाट धरतो. बाबांच्या गाठीने ती वाट धरली आहे, म्हणून गाठ सात सेंटिमीटरपेक्षा लहान असूनही तिला पीटी ३ ए असा टप्पा दिला गेला. केवळ आकार पाहिला असता तर ती पहिल्या टप्प्यात बसली असती. लाल रेघ हवी ती इथे.

दुसरी ओळ ग्रेडची. इथे आम्ही पेशीच्या केंद्रकातील न्यूक्लिओलस नावाचा ठिपका पाहतो. ४०० पट मोठे करूनच तो ठळक दिसला तर ग्रेड २, नुसते १०० पट मोठे केल्यावरही ठळक दिसला तर ग्रेड ३. पेशी अगदीच वेड्यावाकड्या झाल्या किंवा सार्कोमॅटॉइड बदल झाला, म्हणजे त्या लांबट चातीसारख्या झाल्या, तर ग्रेड ४. बाबांचा ग्रेड ३ आहे. तिसरी ओळ नेक्रोसिसची, म्हणजे गाठीतील मेलेल्या भागाची. तो नाही, ही चांगली बाजू. कडा मुक्त आहेत, हीही. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये तयार केलेली गुणांची एक पद्धत आजही वापरली जाते. तिच्यात टप्पा, लसिकाग्रंथी, आकार, ग्रेड आणि नेक्रोसिस या पाच गोष्टींना गुण आहेत. प्रथिन त्यात एकही नाही. गुण जितके जास्त तितका धोका जास्त. त्या हिशेबाने बाबांचे पाच गुण होतात, म्हणजे मधल्या गटाच्या वरच्या टोकाला. आजार परतण्याची शक्यता खरी आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 'पसरणारच' हा शब्द मात्र या कागदावर कुठेही लिहिलेला नाही.

आता भावाने सुचवलेली तपासणी. तिच्या यादीत एमएमपी-२, एमएमपी-९, ई-कॅडहेरिन अशी नावे आहेत असे तुम्ही लिहिता. एमएमपी ही पेशींभोवतीचे अस्तर पचवून वाट काढणारी विकरे आहेत आणि शिरकावाची यंत्रणा समजून घेण्यासाठी त्यांचा अभ्यास होणे फार मोलाचे आहे. प्रयोगशाळेतील यंत्रणा समजणे आणि समोरच्या माणसाचा उपचार ठरवणे यांत मात्र मोठे अंतर आहे. युरोपातील युरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही किडनीच्या कर्करोगासाठी असा कोणताही मार्कर रोजच्या वापरासाठी सुचवलेला नाही.

याचे एक कारण गाठीच्या स्वभावात आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये किडनीच्या एकाच गाठीचे अनेक ठिकाणचे तुकडे वेगवेगळे तपासले. सुमारे दोन तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सारखे आढळलेच नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच गाठीच्या एका तुकड्यात चांगल्या भवितव्याची जनुकीय खूण दिसली आणि दुसऱ्यात वाईट भवितव्याची. बाबांची गाठ ६.२ सेंटिमीटरची. तिच्या पाच-सात ब्लॉकपैकी कोणता पाठवायचा? जो हाताला लागेल तो? मग येणारे उत्तर त्या तुकड्याचे असेल, गाठीचे नसेल.

त्या खासगी प्रयोगशाळेची चकचकीत पुस्तिका बाजूला ठेवा आणि भावासोबत बसून एका कागदावर एवढेच लिहा : तपासणी चांगली आली तर आपण काय करणार? वाईट आली तर काय करणार? मी तुमचे पत्र वाचून दोन्ही उत्तरे लिहून पाहिली. वाईट आली तर इम्युनोथेरपी घ्यायची, असे तुम्ही म्हणता. चांगली आली तर डॉक्टर ती नको म्हणतील का? नाही म्हणणार, कारण त्यांनी ती सुचवली आहे ती सायनसमधील शिरकाव पाहून, आणि तो शिरकाव कोणत्याही प्रथिनामुळे पुसला जाणार नाही. ज्या तपासणीच्या दोन्ही निकालांनंतर पाऊल एकच पडते, तिच्यावर पैसे घालवू नयेत. हे फक्त किडनीच्या रुग्णांसाठी नाही. डॉक्टरांनी न सांगितलेली कोणतीही महागडी तपासणी करण्याआधी हा कागद लिहावा.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. बीएपी-१ नावाचे एक प्रथिन आहे. गाठीत ते नाहीसे झाले असेल तर गाठ बहुधा वरच्या ग्रेडची आणि अधिक त्रासदायक असते, हे २०१३ पासून अनेक ठिकाणी दिसले आहे. लक्षात घ्या, इथे 'निगेटिव्ह' वाईट आहे. तसेच रक्तातील किम-१ हे प्रथिन शस्त्रक्रियेनंतर वाढलेले असेल तर आजार परतण्याचा धोका अधिक आहे का, याचा मोठ्या चाचण्यांतील नमुन्यांवर अभ्यास चालू आहे आणि तो मला आशादायक वाटतो. काही वर्षांनी माझे हे उत्तर जुने ठरले तर मला आनंदच होईल. आज मात्र या दोन्हींवरून बाबांचा उपचार बदलत नाही.

वेळेचा हिशेब मला पैशांपेक्षा अधिक काळजीचा वाटतो. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेले पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध ज्या चाचणीवरून वापरात आले, तिच्यात ९९४ रुग्ण होते आणि शस्त्रक्रियेनंतर बारा आठवड्यांच्या आत रुग्णाला चाचणीत घ्यायचे, असा नियम होता. पाच आठवडे गेले आहेत. तपासणीला सहा लागले तर अकरा होतील. मग विम्याची मंजुरी, भावाची रजा, एखादा सण. बारावा आठवडा असाच निघून जाईल आणि घेतलेला निर्णय म्हणून नाही, तर नुसत्या वाट पाहण्यामुळे औषध राहून जाईल. नको असेल तर विचार करून नको म्हणा, ते वेगळे.

कारण हा निर्णय खरोखर अवघड आहे, आणि मला वाटते की तुमच्या घराला नेमकी याचीच धास्ती आहे. या चाचणीत चार वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के आणि औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे शंभरांत पाच जणांचा फरक. आजार न परतता चार वर्षे काढणारे औषधासह सुमारे ६५ टक्के होते आणि औषधाविना सुमारे ५७. हा दुसरा आकडा पुन्हा वाचा : औषध न घेतलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक लोक चार वर्षे ठीक होते. दुसऱ्या पारड्यात वर्षभरात तीन-तीन आठवड्यांनी सतरा इंजेक्शने, शंभरांत अठरा-एकोणीस जणांना झालेला गंभीर त्रास, आणि थायरॉइड किंवा अॅड्रिनल ग्रंथी कायमची मंदावून आयुष्यभर गोळ्या लागण्याची शक्यता. खर्चही लाखांच्या घरात आहे. अॅटेझोलिझुमॅब आणि निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही याच जातीची औषधे शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिली तेव्हा फायदा दिसला नाही, म्हणून सगळी इम्युनोथेरपी सारखीच, असे कुणी म्हटले तर ते ऐकू नका. बाबांना सोरायसिस, संधिवात, आतड्याची सूज किंवा थायरॉइडचा काही जुना आजार असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने तो उसळू शकतो. औषध न घेता नियमाने सीटी स्कॅन करत राहणे हाही अनेक जाणकार डॉक्टरांना मान्य असलेला मार्ग आहे. दोन सुज्ञ माणसे यात दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात. अशा ठिकाणी माणसाला वाटते की एखादा आकडा यावा आणि त्याने आपल्या वतीने ठरवून टाकावे. तुमच्या भावाची ती मोठी तपासणी मला याच इच्छेतून आलेली दिसते. तो बंगळुरूला आहे, शस्त्रक्रियेच्या वेळी चारच दिवस येऊ शकला, असे तुम्हीच लिहिले आहे. दूर असलेल्या मुलाला काहीतरी पाठवावेसे, काहीतरी करावेसे वाटते. त्याला थांबवण्यापेक्षा दुसरे काम द्या.

ते काम म्हणजे स्लाइडचे फेरपरीक्षण. नवी तपासणी न करता त्याच स्लाइड किडनीच्या गाठींचा सराव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड तपासणे हे रोजचे काम आहे, आणि प्रथिनांच्या मोठ्या तपासणीच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो. ज्या प्रयोगशाळेत रिपोर्ट झाला तिथे लेखी अर्ज देऊन स्लाइड, ब्लॉक आणि रिपोर्टची प्रत मागा. सोबत तीन प्रश्न लिहून द्या : सायनसच्या चरबीबरोबर सायनसमधील शिरांतही गाठ आहे का? सार्कोमॅटॉइड किंवा ऱ्हॅब्डॉइड बदल कुठे आहे का? नेक्रोसिस नाही हे किती ब्लॉक पाहून लिहिले आहे? या प्रश्नांची उत्तरे बदलली तर बाबांचा धोका खरोखर बदलतो. आणि हे चालू असताना ऑन्कोलॉजिस्टची भेट पुढे ढकलू नका. दोन्ही गोष्टी समांतर होऊ शकतात. भेटीला जाताना शस्त्रक्रियेची तारीख आणि बारा आठवडे पूर्ण होण्याची तारीख रिपोर्टच्या कव्हरवरच लिहून न्या. खर्चाचे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि विम्याच्या खिडकीवर आधीच विचारून ठेवा. औषध घ्या किंवा घेऊ नका, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि ठरलेल्या वेळचे छातीचे व पोटाचे स्कॅन हे चुकवायचे नाहीत, कारण आता एकाच किडनीवर भिस्त आहे आणि हा आजार परतला तर बहुतेकदा फुफ्फुसांत आधी दिसतो.

शेवटी बाबांविषयी. तुम्ही तो प्रश्न विचारलेलाच नाही, 'त्यांना सांगितलेले नाही' एवढेच ओझरते लिहिले आहे. सतरा वेळा ज्या डे-केअरमध्ये त्यांना नेणार, त्याच्या दारावर 'कर्करोग विभाग' अशी पाटी असेल. संमतीपत्रावर सही त्यांची लागेल. हा माणूस पस्तीस वर्षे बिघडलेली इंजिने उघडून, कुठले गॅस्केट गेले आणि तेल कुठून झिरपते आहे, हे बघत आला आहे. गाठ कुठून बाहेर पडली, किती पडली आणि किती वेळात काय करायचे आहे, हे त्यांना तुमच्या भावापेक्षा आणि कदाचित तुमच्यापेक्षाही लवकर समजेल. एका दमात सगळे सांगू नका. "डॉक्टर म्हणतात गाठ साधी नव्हती, तिच्याविषयी तुम्हाला किती ऐकायचे आहे?" इथून सुरुवात करा आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत गप्प राहा. त्यांनी 'तुम्हीच बघा' म्हटले तर तोही त्यांचा निर्णय, पण तो त्यांना घेऊ द्या.

आणि ब्लॉक कुठेही पाठवलात तर पावतीवर त्यांची संख्या लिहून घ्या व काम झाल्यावर सगळे परत मागा. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळते. पुढे कधी बीएपी-१चे दिवस खरोखर आले, तर तेच ठोकळे लागतील.